जुन्या लिफ्टला ‘अँटी-फॉल डिव्हाइस’ बसवावं का? दोर तुटला तर केबिन नक्की कोण अडवतं?

डोंबिवलीकर_सचिव

नमस्कार. आमची इमारत तळमजला अधिक सात मजल्यांची, जुनी. लिफ्ट एकच. पाटीवर ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’, वेग ०.६८ मीटर प्रति सेकंद. वर मशीन रूम, गिअरवालं मशीन, तीन दोर. मजल्यावरचा दरवाजा हाताने ओढायचा, केबिनला जाळी.

नूतनीकरणासाठी आलेल्या एका कोटेशनमध्ये ‘अँटी-फॉल डिव्हाइस – १ नग’ अशी ओळ आहे. मेक नाही, मॉडेल नाही, कुठे बसणार तेही लिहिलेलं नाही. कमिटीत दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, दोर तुटला तर माणसं जातील, इथे पैसे बघू नका. बाकीचे म्हणतात, असं काहीतरी आपल्या लिफ्टला आधीपासून असणारच.

दोर तुटल्यावर केबिन कोण अडवतं? ते आमच्याकडे आहे की नाही, आणि असलं तर चालतं की नाही, हे कसं ओळखायचं? खालच्या खड्ड्यात स्प्रिंगा आहेत, त्यांच्या जागी चांगली जाड गादी किंवा मोठी स्प्रिंग टाकली तर भागेल का? आणि सभेत हे हमखास विचारलं जाणार म्हणून आधीच विचारतो: लिफ्ट खाली आपटायच्या क्षणी उडी मारली तर माणूस वाचतो का?

---

गव्हर्नर_रोप

उडीपासून सुरुवात करतो, कारण तिच्या हिशोबात तुमच्या गादीचंही उत्तर आहे.

सात मजले म्हणजे साधारण २१ मीटर. काहीच अडवलं नाही तर २१ मीटर पडायला दोन सेकंदांच्या जरा वर वेळ लागतो आणि तळाशी वेग २० मीटर प्रति सेकंदाच्या जरा वर जातो, म्हणजे ताशी ७३ किलोमीटर. माणूस उभ्या उभ्या जोर लावून उडी मारतो तेव्हा त्याला फार तर अडीच मीटर प्रति सेकंदाचा वेग मिळतो. वीसातून अडीच वजा केले तरी साडेसतरा उरतात. शिवाय पडत्या केबिनमध्ये पायाखाली जोर लावायला वजनच राहत नाही. तेव्हा उडीचा विषय तिथेच संपतो.

आता गादी. ताशी ७३ किलोमीटरचा वेग अंगाला सोसेल अशा बेताने, म्हणजे सुमारे एक जी मंदनाने (पडताना वेग ज्या दराने वाढतो त्याच दराने कमी करत), शून्यावर आणायचा तर थांबायला जितकं पडलात तितकंच, पुन्हा २१ मीटर अंतर लागतं. एवढा खोल खड्डा कुठल्याच इमारतीला नसतो. खड्ड्यातल्या स्प्रिंगा या पडत्या लिफ्टसाठी नसतातच. केबिन तळमजल्याची पातळी ओलांडून थोडी खाली गेली, शेवटच्या मजल्यापुढे गेल्यावर मशीन थांबवणाऱ्या लिमिट स्विचने दगा दिला, अशा वेळी नेहमीच्या वेगाच्या ११५ टक्क्यांपर्यंतचा धक्का झेलणं एवढंच त्यांचं काम. तुमच्या ०.६८ च्या लिफ्टला हिशोबाने ६२ मिलिमीटर दबण्याची जागा पुरते. नियमाप्रमाणे ६५ पेक्षा कमी चालत नाही, म्हणून ६५. आता ०.७८ मीटर प्रति सेकंदासाठी बनवलेल्या स्प्रिंगवर २० मीटर प्रति सेकंदाने केबिन आली, तर ऊर्जा साडेसहाशे पटींहून जास्त होते. स्प्रिंग दुप्पट मोठी केली काय आणि चौपट केली काय, फरक पडत नाही.

म्हणून पडणं वरच्या वरच धरावं लागतं, तेही पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये. स्थिर केबिन सुटली तर ०.७८ चा वेग यायला तिला फक्त ३ सेंटिमीटर पुरतात. त्या टप्प्यावर काम करणारी जोडगोळी म्हणजे ओव्हरस्पीड गव्हर्नर आणि सेफ्टी गिअर. आपल्याकडे मेकॅनिक तिला ‘गव्हर्नर आणि सेफ्टी ब्लॉक’ म्हणतात. पाटी, मशीन रूम आणि दोर यांचं वर्णन वाचून तुमच्याकडे ती असणार असं वाटतं. पण समजुतीवर सोडू नका, जाऊन बघा.

मशीन रूममध्ये मुख्य मशीनपासून बाजूला एक लहान चाक दिसेल. त्यावरून मुख्य दोरांपेक्षा बारीक, ६ ते ८ मिलिमीटरचा एकच दोर खाली गेलेला असतो. हा दोर केबिनला उचलत नाही. तो एक बंद फेरा आहे: वर गव्हर्नरचं चाक, खाली खड्ड्यात वजन टांगलेली ताणपुली, आणि मध्ये त्याची दोन्ही टोकं केबिनवरच्या सेफ्टीच्या तरफेला बांधलेली. केबिन चालली की तो तिच्याबरोबर फिरतो, म्हणजे गव्हर्नरला केबिनचा खरा वेग सतत कळत असतो.

वेग वाढला की चाकावरची वजनं केंद्रोत्सारी बळाने बाहेर फेकली जातात. आधी ती एक विजेचा स्विच तोडतात: मोटरचा पुरवठा जातो, ब्रेक बसतो. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. तरीही वेग वाढत राहिला तर गव्हर्नरचा जबडा त्या बारीक दोराला पकडतो. दोर थांबतो, केबिन मात्र खाली येतच असते. त्यामुळे तरफ वर ओढली जाते आणि केबिनच्या दोन्ही बाजूंचे पोलादी पाचर गाइड रेल (केबिन ज्यांच्या आधाराने सरकते ते उभे रूळ) आणि निमुळत्या ब्लॉकच्या मध्ये वर सरकतात. केबिन जितकी खाली रेटेल तितका पाचर घट्ट बसतो. वीज असो वा नसो, सातच्या सात मजल्यांवर कुठेही हे चालतं.

गव्हर्नर कितीला पकडतो? नेहमीच्या वेगाच्या किमान ११५ टक्क्यांना, म्हणजे तुमच्या बाबतीत ०.७८ च्या आधी नाही. वरची मर्यादा सेफ्टीच्या प्रकारावर ठरते: साधा तात्काळ पकडणारा पाचर असेल तर ०.८, रोलरवाला तात्काळ प्रकार असेल तर १.०, आणि हळूहळू घट्ट होणारा प्रोग्रेसिव्ह असेल तर १.५ मीटर प्रति सेकंद. गव्हर्नरवरच्या पाटीवर हा आकडा कोरलेला असतो आणि सेटिंगच्या स्क्रूला शिशाचं सील असतं. पाटी वाचता येत नाही किंवा सील तुटलंय, तर तो गव्हर्नर कितीला पकडेल हे कोणीच सांगू शकत नाही. माझ्या मते तेवढं एक कारण बदलायला पुरेसं आहे.

---

लोलक

वरच्या प्रतिसादाला जोडून थोडा इतिहास, कारण ‘अँटी-फॉल’ विकणारे बरेच जण दीडशे वर्षांपूर्वीची कल्पना नव्याने सांगतात.

एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये फळीवर उभं राहून वरचा दोर तोडायला लावला आणि फळी थोडीशी खाली येऊन थांबली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याचं यंत्र दोराचा *ताण* बघायचं. ताण गेला की वरची कमान-स्प्रिंग सैल होऊन दात बाजूच्या खाचांत अडकायचे. आजची यंत्रणा ताण बघत नाही, *वेग* बघते. का? कारण तीनही दोर शाबूत असतानाही केबिन बेफाम धावू शकते: ब्रेक धरत नाही, गिअरमधला शाफ्ट तुटतो, झिजलेल्या चाकावरून दोर घसरतात. यात दोराचा ताण कायम असतो, म्हणून ओटिसचं मूळ यंत्र गप्प बसलं असतं. वेग बघणारा गव्हर्नर मात्र या सगळ्यांत जागा होतो.

गव्हर्नरचीही एक दुखरी जागा आहे. २८ जुलै १९४५ ला धुक्यात अमेरिकन लष्कराचं बी-२५ विमान एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळलं. एका लिफ्टचे उचलणारे दोर तुटलेच, पण गव्हर्नरचा दोरही तुटला, त्यामुळे सेफ्टी ओढली गेली नाही. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्टचालक ७५ मजले खाली गेली. ती जबर जखमी झाली पण वाचली. खाली गोळा झालेले दोर आणि चिंचोळ्या शाफ्टमध्ये दाबली गेलेली हवा यांनी धक्का कमी केला असं मानतात. तो योगायोग होता, कोणी आखलेलं संरक्षण नव्हे. आपण त्यातून घ्यायचं ते इतकंच की बारीक दोराकडे मुख्य दोरांइतकंच लक्ष हवं. प्रत्यक्षात त्याच्याकडे कोणी बघत नाही.

मुख्य दोरांचा हिशोबही सभेत मांडा. १३ मिलिमीटरचा एक दोर तुटायला सात टनांच्या आसपास ओढ लागते. तीन दोर असताना किमान बारा पट सुरक्षितता ठेवावी लागते, दोनच असतील तर सोळा पट. केबिन आणि माणसं मिळून तुमचं वजन टनभर असेल. म्हणजे एकटा दोरही केबिन पेलतो. तिन्ही एकाच वेळी, काहीच चाहूल न देता तुटणं ही शेवटची शक्यता आहे. त्याआधी तारा तुटून काटे बाहेर येतात, दोरावर तांबडी भुकटी दिसते, दोर बारीक होतो. १३ चा दोर ११.७ पर्यंत उतरला की तो बदलायचा, आणि बदलायचा तर तिन्ही एकदम. दोन जुने एक नवा असं केलं की ताण सारखा राहत नाही, नवा दोर लांबतो आणि चाकाच्या खाचा वाकड्या झिजतात.

---

डोंबिवलीकर_सचिव

दोघांचेही आभार. पाहून आलो. लहान चाक आहे, पाटीवर तेलकट काळा थर आहे, आकडा लागत नाही. सील दिसलं नाही. आता हा गव्हर्नर बदलला की ‘अँटी-फॉल’चा विषय संपला असं धरू का? शिवाय एआरडी बसवलेलं आहे, ते यात काही करतं का?

---

मशीनरूम_नाका

एआरडीचं आधी. त्याचं काम वीज गेल्यावर बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणं, एवढंच. पडण्याशी त्याचा संबंध नाही. उलट सेफ्टी गिअर बसलेला असेल तर एआरडीने केबिन हलवता कामा नये. सेफ्टी सुटते ती केबिन *वर* उचलल्यावरच, आणि तीही जाणकार माणसाने का बसली हे शोधल्यावर. सेफ्टीचा स्विच एआरडीच्या साखळीतही आहे ना, एवढं एकदा तपासून घ्या.

विषय संपला का? नाही. आणि माझ्या दृष्टीने या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. लिफ्ट पडेल याची भीती सगळ्यांना असते, ती *वर* धावेल याची नसते. तुमच्याच लिफ्टचा हिशोब घ्या.

केबिन समजा ६०० किलोची. काउंटरवेट, म्हणजे दोरांच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं तोलाचं वजन, असतं केबिन अधिक भाराचा ४० ते ५० टक्के हिस्सा एवढं. ५० टक्के धरले तर ६०० अधिक २०४, एकूण ८०४ किलो. आत एकच माणूस, ६८ किलोचा. (पाटीवरचे ४०८ म्हणजे सहा गुणिले ६८.) केबिनची बाजू ६६८, काउंटरवेटची ८०४. ब्रेकने धरलं नाही तर १३६ किलोचा फरक केबिनला वर ओढतो. दिवसातल्या बहुतेक फेऱ्या एक-दोन माणसांच्या असतात, म्हणजे ब्रेक गेला तर बहुतेक वेळा केबिन वरच जाणार. तुमचा जुना सेफ्टी ब्लॉक फक्त खाली जाताना पकडतो. वर जाताना तो नुसता बरोबर प्रवास करतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दार उघडं असताना केबिन हलणं. माणूस एक पाय आत एक पाय बाहेर असताना उंबरठा आणि दाराची चौकट यांच्यामध्ये चिरडला जातो. इथे वेग वाढायची वाट बघून चालत नाही, कारण गव्हर्नर जागा होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून नव्या मानकात, आपल्याकडे आयएस १७९००, जे युरोपच्या ईएन ८१-२० च्या धर्तीवर आहे, दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या आहेत: वर जाणाऱ्या केबिनच्या अतिवेगापासून संरक्षण, आणि दार उघडं असताना केबिन आपोआप हलली तर मजल्यापासून १.२ मीटरच्या आत थांबवणं.

जुन्या गिअरवाल्या मशीनला हे दोन मार्गांनी जमतं.

पहिला, दोन्ही दिशांना पकडणारा सेफ्टी गिअर आणि त्याला जुळणारा दोन्ही दिशांचा गव्हर्नर. केबिनची चौकट जुनी असेल तर तो खाली बसवायला जागा मिळेलच असं नाही, कधी कधी पूर्ण स्लिंगच, म्हणजे केबिनला धरणारी ती चौकटच, बदलावी लागते.

दुसरा, रोप ग्रिपर. मशीन रूममध्ये मशीनच्या खालच्या चौकटीला बसतो आणि वेळ आली की तिन्ही मुख्य दोर दोन अस्तरांमध्ये आवळून धरतो. जुन्या इमारतीत मला हाच जास्त व्यवहार्य वाटतो, कारण केबिनला हात लावावा लागत नाही. अट एकच: नियंत्रकाकडून त्याला ‘दार उघडं आहे आणि केबिन दाराच्या पट्ट्याबाहेर (मजल्याच्या पातळीजवळच्या ठरलेल्या अंतराबाहेर) गेली’ हा संदेश स्वतंत्रपणे मिळाला पाहिजे. नुसता गव्हर्नरच्या स्विचला जोडून दिला तर दुसऱ्या कामाला तो निरुपयोगी.

‘मशीनला चांगला डबल ब्रेक देतो, तोच अँटी-फॉल’ असं कोणी म्हणालं तर विचारा, ब्रेक कुठे आहे? गिअरवाल्या मशीनमध्ये ब्रेक मोटरच्या बाजूच्या वेगवान शाफ्टवर असतो. तिथून पुढे गिअर, मग दोरांचं चाक. मधलं काही तुटलं की ब्रेक घट्ट बसलेला आणि चाक मोकळं फिरतंय. म्हणून वरच्या दिशेचं संरक्षण केबिन, काउंटरवेट, दोर किंवा थेट दोरांचं चाक यांपैकी कशावर तरी लागलं पाहिजे. गिअरलेस मशीनला ब्रेक चाकाच्याच शाफ्टवर असतो, तिथे प्रमाणित डबल ब्रेक चालतो. तुमच्याकडे नाही.

तरी चांगल्या ब्रेकचं महत्त्व कमी होत नाही. १२५ टक्के भार घेऊन खाली येणारी केबिन त्याने एकट्याने थांबवली पाहिजे. ब्रेकचे दोन जबडे यांत्रिकदृष्ट्या वेगवेगळे हवेत, एक अडकला तरी दुसऱ्याने पूर्ण भाराची केबिन धरायला हवी. जुन्या मशीनमध्ये जबड्यांची एकच पिन किंवा एकच प्लंजर असतो, आणि तो गंजून अडकणं हे ब्रेक जाण्याचं नेहमीचं कारण. अस्तरावर गिअरचं तेल गळणं हे दुसरं. मशीनच्या खाली तेलाचं डबकं दिसलं तर ‘थोडं गळतंय’ म्हणून सोडून देऊ नका.

---

तारेवरचा_मेकॅनिक

नवं बसवण्याआधी जुनं चालतं का ते तपासा. सेफ्टी गिअरची चाचणी कशी होते ते लिहितो. कमिटीने फक्त हजर राहायचं आहे, हात लावायचा नाही. हे काम परवानाधारक लिफ्टवाल्यांचं आहे आणि चुकलं तर जीवावर बेततं.

केबिन पूर्ण रिकामी. प्रत्येक मजल्यावर फलक, सगळी दारं बंद आणि कुलूपबंद असल्याची खात्री. केबिन मधल्या एखाद्या मजल्यावर घेतात, म्हणजे नंतर वर उचलायला जागा राहते. इन्स्पेक्शनच्या कमी वेगाने खाली चालवत असताना मशीन रूममधून गव्हर्नरचा जबडा हाताने पाडतात. पहिली अपेक्षा: सेफ्टीचा स्विच तुटून मशीन लगेच थांबलं पाहिजे. मग तो स्विच तेवढ्यापुरता बाजूला करून मशीन आणखी खाली ओढून बघतात. सेफ्टीने खरंच धरलं असेल तर केबिन जागची हलत नाही, आणि दोर चाकावरून घसरू लागतात किंवा केबिनच्या बाजूला सैल पडतात. केबिन इंच इंच खाली सरकत असेल तर चाचणी नापास.

मग केबिनच्या आतली पातळी मोजा: जमीन ५ टक्क्यांपेक्षा जास्त कलता कामा नये. कलली म्हणजे एका बाजूचा पाचर आधी बसतोय. दोन्ही रेलवर पाचरांच्या खुणा जवळजवळ एका उंचीवर आणि सारख्या लांबीच्या हव्यात. शेवटी केबिन वर उचलून सेफ्टी सोडवायची, बाजूला केलेला स्विच *तिथल्या तिथे* पूर्ववत करायचा, गव्हर्नर रीसेट करायचा, रेलवरचे ओरखडे कानसीने साफ करायचे. स्विच पूर्ववत झाल्याचं तुमच्यापैकी कोणीतरी डोळ्यांनी बघा आणि नोंदवहीत सही घ्या. बायपासची वायर विसरून जाणं ही चाचणीतली सगळ्यात धोकादायक चूक.

ही रिकाम्या केबिनची नेहमीची चाचणी. नवीन सेफ्टी बसवली की मात्र भार घालून चाचणी मागा. प्रोग्रेसिव्ह असेल तर १२५ टक्के भार, म्हणजे तुमच्यासाठी ५१० किलो. वजनं भरलेल्या पोत्यांनी करतात, माणसांनी नाही.

नापास का होते, ते अनुभवी डोळ्याला आधीच दिसतं. पाचर आणि रेल यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट असते, तिच्यात रेलचं तेल आणि धूळ मिळून डांबरासारखा लगदा बसतो. तरफेच्या पिना गंजतात. रंगारी इमारत रंगवताना शाफ्टमध्ये शिरतो आणि तरफेवर, कधी गव्हर्नरच्या जबड्यावरही रंग मारतो. वाळलेला रंग जबडा खाली पडू देत नाही. कोणी उत्साहाने गव्हर्नरच्या दोराला ग्रीस लावतं, मग जबड्यातून दोर घसरतो. तो दोर कोरडाच ठेवायचा असतो. सेफ्टी ओढायला जितकं बळ लागतं त्याच्या दुप्पट, आणि कमीत कमी ३०० न्यूटन, त्या दोरातून मिळालं पाहिजे. ग्रीस लावलेल्या दोरातून ते येत नाही.

आणि डोंबिवली म्हणालात म्हणून पावसाळा. खड्ड्यात पाणी साचतं, ताणपुलीचं वजन पाण्यात किंवा गाळावर टेकतं. गव्हर्नरचा दोर वापराने लांबतोच, मग वजन जमिनीला लागतं आणि दोर सैल. सैल दोर चाकावरून घसरला तर वेग चुकीचा मोजला जातो. पुलीच्या तरफेजवळ सैल दोराचा स्विच असतो, तो शाबूत आहे का बघा; पाण्याने सारखा ट्रिप होतो म्हणून तो वायरने जोडून टाकलेला असण्याची शक्यता बरीच असते. खड्ड्यात स्प्रिंगऐवजी पिवळे पॉलियुरेथेनचे बफर असतील तर बोटाने दाबून बघायला सांगा. सतत ओलसर जागेत ते भेगाळतात आणि भुगा होतात. जोरदार पावसात केबिन वरच्या मजल्यावर नेऊन लिफ्ट बंद ठेवणं, खड्ड्याचं वॉटरप्रूफिंग आणि पाणी उपसायची सोय, हे तुमच्या यादीत ‘अँटी-फॉल’च्या आधी यायला हवं.

---

डोंबिवलीकर_सचिव

फार उपयोगी. एक राहिलं. केबिनच्या आत ग्रॅनाइट आणि स्टीलचे पत्रे लावायचाही प्रस्ताव आहे. त्याचा याच्याशी संबंध येतो का? आणि कोटेशन देणाऱ्याला लेखी काय विचारू?

---

गव्हर्नर_रोप

संबंध येतो. ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचे पत्रे, आरसा मिळून केबिन शंभर किलोंनी सहज जड होते. सेफ्टी गिअरच्या पाटीवर केबिन अधिक भार यांची एक ठराविक कक्षा असते, रेलच्या पात्याची जाडी असते (जुन्या लिफ्टला ९, मोठ्यांना १६ मिलिमीटर वगैरे) आणि वेगही असतो. वजन त्या कक्षेबाहेर गेलं तर पकड कमी पडते. दुसरं, काउंटरवेटचा समतोल बिघडतो. मग ब्रेकवर आणि मशीनवर कायमचा जादा भार. काउंटरवेट वाढवलं की दोर, चाक आणि मशीनच्या खालचे गर्डर यांचा हिशोब पुन्हा करावा लागतो. माझा सल्ला: ग्रॅनाइट नको, हलकं व्हिनाइल चालेल. केबिनचं काम झालं की निम्मा भार घालून वर आणि खाली जाताना मोटरचा करंट मोजायला लावा. दोन्ही जवळपास सारखे आले की समतोल ठीक.

लेखी विचारायचं ते असं. हे डिव्हाइस म्हणजे गव्हर्नर, सेफ्टी गिअर, रोप ग्रिपर की आणखी काही? ते कशावर पकडतं, रेलवर, दोरावर की चाकावर? फक्त खाली की दोन्ही दिशांना? दार उघडं असताना केबिन हलली तर ते काम करतं का, आणि किती अंतरात थांबवतं? टाइप टेस्टचं (त्या मॉडेलचा नमुना तपासल्याचं) प्रमाणपत्र आणि त्यावरचे वजन, वेग, रेलची जाडी हे आकडे आमच्या लिफ्टशी जुळतात का? बसवल्यावर भार घालून चाचणी कोण करणार? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘काळजी करू नका’ असं आलं तर ती ओळ कोटेशनमधून काढून टाका.

---

मशीनरूम_नाका

एवढा बदल करायचा तर महाराष्ट्रात लिफ्ट निरीक्षकांची परवानगी आधी घ्या. १९३९ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०१७ चा लिफ्ट, एस्कलेटर आणि मूव्हिंग वॉकचा कायदा आहे.

पैसे एकदम नसतील तर मी लावलेला क्रम: पहिल्यांदा मजल्यावरच्या दारांची कुलपं. दार बंद होऊन कुलपाची जीभ किमान ७ मिलिमीटर आत गेल्याशिवाय केबिन सुरू होता कामा नये, आणि केबिन समोर नसताना दार उघडता कामा नये. तळमजल्यासकट आठही ठिकाणी प्रत्येक दार हाताने ओढून बघायला लावा. हाताने ओढायच्या दारांच्या लिफ्टमध्ये माणसं मोकळ्या शाफ्टमध्ये पडतात ती इथून. कुठल्याही दाराचा संपर्क वायरने जोडून टाकलेला आढळला तर लिफ्ट त्याच क्षणी बंद.

मग ब्रेक. मग गव्हर्नर, त्याचा दोर आणि सेफ्टीची चाचणी. त्यानंतर रोप ग्रिपर, दार उघडं असतानाच्या हालचालीच्या संरक्षणासकट. केबिनच्या उंबरठ्याखालचा पत्राही त्यातच करून घ्या. जुन्या लिफ्टना तो आखूड असतो, हवा ७५० मिलिमीटर. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की लोक दार उघडून खाली उडी मारतात, आणि पत्रा आखूड असेल तर पाय घसरून थेट केबिनखालच्या शाफ्टमध्ये जातात. वॉचमनला हे स्पष्ट सांगा: अडकलेल्यांना आतच बसवून ठेवायचं, बोलत राहायचं, मेकॅनिक येऊन केबिन मजल्याला लावेपर्यंत दार उघडायचं नाही. आतल्या हवेची भीती नको, केबिन हवाबंद नसते, त्यातून तुमच्याकडे तर जाळीच आहे.

---

डोंबिवलीकर_सचिव

हा क्रम तसाच सभेपुढे ठेवतो. देखभाल कंत्राटदाराला दारांची कुलपं, ब्रेक आणि सेफ्टीची चाचणी यासाठी आजच पत्र देतोय, गव्हर्नरची पाटी साफ करून आकडा कळवायलाही सांगितलं आहे. ग्रॅनाइट रद्द.

---

तारेवरचा_मेकॅनिक

पाटी रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसायला सांगा, कानस किंवा पॉलिश पेपर नको, कोरलेले आकडे जातात. आणि पुसताना रॉकेल दोरावर किंवा जबड्यावर उडणार नाही असं बघा. आकडा ०.७८ पेक्षा कमी किंवा १.५ पेक्षा जास्त निघाला, तर तो गव्हर्नर या लिफ्टचा नाहीच. चाचणीत वेळ घालवू नका, थेट बदला. मधला काही निघाला तर सेफ्टी कुठल्या प्रकारची आहे ते केबिनखाली जाऊन बघितल्याशिवाय बरोबर म्हणू नका.